कोटांच्या खुंट्यांखालचा कोपरा

या, जरा पुढच्या बाकांवर सरका. मागे बसलं की निम्मी गोष्ट कोटांच्या सळसळीत हरवते. आज ओडेसा पर्विस एकटी उभी राहिली त्या संध्याकाळची गोष्ट सांगायची आहे. गोष्टीत एक केक आहे, एक तिरकी लावलेली व्हॅन आहे आणि अध्यक्ष व्हायला निघालेला एक माणूस आहे. तिघांपैकी केकने तेवढं आपलं काम चोख केलं, असं ओडेसाची लेक वर्लीन अजूनही म्हणते.

ओडेसाचा नवरा ईझेल जाऊन दहा महिने झाले होते. तो होता तोवर पर्विस घराण्याचा एकच नियम होता: कॉकसच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या सभेच्या, संध्याकाळी अख्खं घर एका कोपऱ्यात. आमच्या वॉटरलूत तेव्हा चिठ्ठ्या नव्हत्या, पडदा नव्हता. न्यू बेथनी चर्चच्या तळघरात जमायचं, अध्यक्षपदासाठी जो उमेदवार पसंत असेल त्याच्या कोपऱ्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत जाऊन उभं राहायचं, आणि हॅल्वर्सन गुरुजींनी डोकी मोजायची. ज्या कोपऱ्यात शेकडा पंधरा डोकी भरली नाहीत तो कोपरा मोडायचा. तिथल्या माणसांनी अर्ध्या तासात इतरांना आपल्याकडे ओढायचं किंवा दुसरा कोपरा धरायचा, नाहीतर घर गाठायचं.

ईझेल चर्चचा डीकन, म्हणजे कारभारातला वडीलधारा, उंचापुरा माणूस. तो उठून चालायला लागला की मागून ओडेसा, मग मुलं, मग नातवंडं, आणि मग निम्मं चर्च. बेचाळीस वर्षं हे असंच चाललं. ओडेसाला वेगळं मत आहे का, हे कुणी कधी विचारलं नाही. ती केक घेऊन मागून यायची, एवढंच लोकांना दिसायचं.

आता पुढे चालणारा गेला होता, आणि घर तीन दिशांना तोंड करून बसलं होतं.

थोरली वर्लीन हॉस्पिटलात भरतीच्या खिडकीवर बसायची. रोज तिच्यापुढे माणसं विम्याचं कार्ड उलटंसुलटं करून बघायची, खर्च विचारायची आणि दुखणं अंगावर काढत परत जायची. सिनेटरबाईंनी याच विषयावर छप्पन्न पानांचा आराखडा काढला होता. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली वॉटरलूत एकटी वर्लीनच असावी. त्यामुळे ती सिनेटरबाईंच्या कोपऱ्याची कॅप्टन झाली होती.

धाकटा लेम्युएल ट्रॅक्टरच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता. ती पाळीच बंद झाल्यापासून तो बापाची जुनी जबाबदारी सांभाळत होता, म्हणजे चर्चची व्हॅन चालवत होता, आणि कामगार संघटनेतून वर आलेल्या खासदाराचा बिल्ला टोपीला लावून फिरत होता. खासदाराकडे आराखडा वगैरे काही नव्हता. पण हस्तांदोलन करताना त्याच्या तळव्यावरचे घट्टे हाताला जाणवले होते, आणि लेम्युएलला तेवढं पुरलं होतं.

राहिली वर्लीनची मुलगी केझाया. एकोणीस वर्षांची, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, आणि पहिल्यांदाच कॉकसला निघालेली. तिला तरुण महापौर आवडला होता. का आवडला, असं मामाने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "त्याला माझ्या कर्जाचा आकडा ऐकून धक्का तरी बसला. तुमच्या सगळ्यांना बसत नाही."

आता तिघांचेही डोळे एकाच माणसावर होते. कॉकसच्या आधीच्या आठवड्यात ओडेसाची जी सेवा झाली तशी तिच्या दोन्ही बाळंतपणांत झाली नसेल. वर्लीनने तिच्या गोळ्यांची डबी सोमवार ते रविवार लावून दिली. लेम्युएलने पायऱ्यांवरचा बर्फ उपसून मीठ टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी बर्फ नसतानाही पुन्हा टाकलं. केझायाने नखं रंगवून दिली. ओडेसाने सगळं निवांत करून घेतलं. नखं वाळेपर्यंत दोन्ही हात हवेत धरून तिने महापौराविषयी तीन प्रश्न विचारले. त्यातला एक, त्याचं लग्न झालंय का, हा होता.

रविवारच्या जेवणानंतर वर्लीनला राहवेना.

"आई, तू आमच्याकडेच आहेस ना?"

"आत्ता तर मी भांड्यांकडे आहे."

"तसं नाही गं. उद्या संध्याकाळी."

"उद्याचं उद्या बघू. आज तू फडकं घे."

लेम्युएल हसला, म्हणून त्यालाही एक फडकं मिळालं.

सोमवारी संध्याकाळी सगळे त्याच्याच व्हॅनमधून निघाले. पुढे ओडेसा, मांडीवर केक, केकवर चंदेरी कागद. मागे वर्लीन, तिचा नवरा रॉस्को आणि केझाया. रॉस्को मोठा शांत माणूस. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती, आणि त्याने मत मांडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्याचं सगळं लक्ष त्या चंदेरी कागदावर होतं. वर्लीन आणि लेम्युएल वाटेत आईशी बोलत होते, एकमेकांशी नाही. थंडी किती आहे हे दोघांनी तिला दोनदा वेगवेगळं सांगितलं.

तळघरात कोपरे आधीच ठरलेले होते. पियानोपाशी सिनेटरबाईंची माणसं, स्वयंपाकघराच्या दारापाशी खासदाराची, जिन्याखाली महापौराची. चौथ्या कोपऱ्यात नुसत्या कोटांच्या खुंट्या, त्यांच्याखाली बूट आणि एक बाक. मन न ठरलेल्यांना ओढायला प्रत्येकाने आपल्या टेबलावर खायला मांडलं होतं. वर्लीनकडे चीज आणि द्राक्षं, लेम्युएलकडे तळलेलं चिकन, केझायाच्या मित्रांकडे पिझ्झा. पण ओडेसाच्या लोण्याच्या केकपुढे या कशाचीच मातब्बरी नव्हती. सात अंडी, आणि साय घालायचा तिचा हात असा की घास तोंडात ठेवला की माणूस बोलणंच विसरायचा. केक ज्या टेबलावर ठेवला जाई तिकडे दरवेळी दहापंधरा माणसं हळूच सरकत. पक्षाच्या नियमांत केकसाठी एक वेगळं कलम हवं, असं हॅल्वर्सन गुरुजी एकदा उघडपणे म्हणाले होते. गुरुजींनी वर्लीन आणि लेम्युएल दोघांनाही रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि दोघेही अजून त्यांच्यासमोर च्युइंगम थुंकून टाकत.

वर्लीन हातातली यादी मदतनीस बाईला दाखवत होती. ओडेसा केक घेऊन शेजारून चालली होती. यादीत पहिल्याच ओळीला लिहिलं होतं: आई. पुढे बरोबरची खूण.

"शाईने लिहिलंस?" ओडेसा म्हणाली.

वर्लीनला आधी काय म्हणते तेच कळेना. मग तिने यादी छातीशी धरली. "अगं, मोजायला सोपं जावं म्हणून."

"आधी विचारून लिहायचं होतंस." भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं इतक्याच आवाजात ओडेसा हे बोलली आणि पुढे गेली.

वर्लीनच्या मनात आलं, आता काय झालं हिला? बाबा कधी विचारायचे? आणि लगेच तिला वाटलं, हेच तर नसेल?

सात वाजले. गुरुजींनी दार लावलं, शाळेतलं जुनं घड्याळ काढलं आणि आपापल्या कोपऱ्यात जायला सांगितलं. माणसं उठली, खुर्च्या सरकल्या, कुणी कुणाच्या बाहीला धरून ओढलं. दोन मिनिटांत गर्दीचे तीन ढीग झाले. मधल्या मोकळ्या फरशीवर, मनाचा ठाव न लागलेल्या तीन म्हाताऱ्या बहिणींच्या शेजारी, केक हातात धरून ओडेसा उभी. चर्चमध्ये तिला सगळे मदर पर्विस म्हणत. मदर पर्विस कुठे वळतात याकडे आता बाकीची एक्क्याण्णव माणसं बघत होती.

ती कुणाकडेच वळली नाही. आपल्या मऊ तळव्यांच्या बुटांनी, आवाज न करता, ती सरळ कोटांच्या खुंट्यांपाशी गेली, बाकावरचे हातमोजे बाजूला सारले आणि केक तिथे ठेवला.

"मदर पर्विस, कोट हवाय का?" गुरुजींनी विचारलं.

"नको. उभी राहायला आले. हा गव्हर्नरांचा कोपरा."

गव्हर्नर म्हणजे पश्चिमेकडच्या कुठल्याशा राज्याचे माजी गव्हर्नर. लांबोडका, मिणमिणत्या आवाजाचा माणूस. त्याच्यासाठी दारोदार फिरणारी दोन पोरंही नाताळात घरी गेली ती परत आलीच नव्हती. त्याच्या नावाची पाटीसुद्धा हॉलमध्ये नव्हती. गुरुजींनी कागदाच्या मागच्या बाजूला पेनाने नाव लिहून खुंटीला अडकवलं, तेव्हा त्यात एक अक्षर चुकलं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मोजणी झाली. सिनेटरबाई चौतीस, खासदार अठ्ठावीस, महापौर सव्वीस, मन न ठरलेल्या तीन, गव्हर्नर एक. कोपरा टिकायला चौदा माणसं लागतात, असं गुरुजींनी जाहीर केलं आणि ओडेसाकडे न बघता घड्याळाचं बटण दाबलं. अर्धा तास.

पहिली वर्लीन धावली. आवाज खाली ठेवायचा तिने प्रयत्न केला, पण तो तिला कधी जमलेला नाही. "आई, कुणासाठी उभी आहेस तू? त्या माणसाला त्याच्या गावात कुणी ओळखत नाही. अर्ध्या तासाने तुला इथून हलावंच लागेल, नाहीतर तुझी मोजदादच होणार नाही. बाबा असते तर—"

"बाबा नाहीत," ओडेसा म्हणाली. "बेचाळीस वर्षं मी त्यांच्या पाठीकडे बघत चालले. छान पाठ होती. आता मला समोरचं दिसतंय, तर बघू दे की."

"पण हाच का?"

"हा शेवटपर्यंत बसला."

हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं, आणि ज्यांनी ऐकलं त्यांना कळलंही. निवडणूक आली की उमेदवार न्यू बेथनीत रविवारी येतात. पुढच्या बाकावर बसतात, दोन मिनिटं बोलतात, चुकीच्या ठोक्यावर टाळ्या वाजवतात आणि रेव्हरंड गॅडिस प्रवचनाला उभे राहिले की हळूच उठतात. बिचाऱ्यांना वाटतं, आता काय, नुसतं बोलणंच. गॅडिसांचा पूर्वरंग साधाच असतो, वाण्याशी बोलावं तसा. मग कुठूनतरी ऑर्गन शब्दांखाली येऊन बसतो. एक वाक्य जरा लांबतं, दुसरं वर चढतं, आणि कधी बोलणं संपलं आणि गाणं सुरू झालं ते सांगता येत नाही. बाकांवरून "हो, सांगा, सांगा" उठतं, हातातले पंखे थांबतात, आणि देव तुमच्या शेजारी येऊन बसलाय अशी खातरी होते. त्या सुखाच्या दारातून ही अध्यक्ष व्हायला निघालेली माणसं घड्याळ बघत परत जातात.

"सिनेटरबाईंना विमान गाठायचं होतं," वर्लीन म्हणाली. "आणि आई, विमा, औषधं, या गोष्टी प्रवचनात बसल्याने सुटत नाहीत."

"औषधांचं मी त्या चौघांनाही विचारलं, जेवणाच्या टेबलावर नाहीतर दारात गाठून. माझ्या गोळ्या स्वस्त होतील का? तिघे हो म्हणाले. प्रश्न पुरा व्हायच्या आत. हा घास गिळेपर्यंत थांबला आणि म्हणाला, मला जमेल की नाही माहीत नाही, बाई."

"हे काय उत्तर झालं?"

ओडेसाने केकवरचा चंदेरी कागद उगाच नीट केला. "परवा डबी लावलीस ना तू. त्यात अर्ध्या गोळ्या होत्या, त्या डॉक्टरांनी अर्ध्या केल्या असं वाटलं तुला?"

दिवसभर वर्लीन ज्या खिडकीवर बसायची तिथे अर्ध्या गोळ्यांची माणसं तिला चेहऱ्यावरून ओळखू यायची. छप्पन्न पानांतल्या एकोणिसाव्या पानावर त्यांचा आकडासुद्धा होता. आणि आईच्या डबीत, स्वतःच्या बोटांनी, तिने त्या एकेक करून खणांत टाकल्या होत्या. ती पियानोकडे परत गेली आणि यादीतल्या पहिल्या नावावर आडवी रेघ मारली. तीही शाईने.

खुंट्यांखाली आता वर्दळ सुरू झाली. त्या तीन बहिणी आल्या आणि केक कधी कापणार म्हणून विचारू लागल्या. चौदा झाले की, ओडेसाने सांगितलं. हे भ्रष्टाचारात मोडतं का, अशी खासदाराच्या कोपऱ्यातून तक्रार आली. गुरुजींनी नियमांचं पुस्तक काढलं, बराच वेळ चाळलं आणि केकचा उल्लेख नाही असा निर्वाळा दिला.

चार झाले. मग रविवारी चर्चच्या दारावर पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवणाऱ्या चौघीजणी सिनेटरबाईंना सोडून आल्या. त्यांचं म्हणणं, माणसं कशी येतात आणि कशी जातात हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. आठ. जिन्याखालून केझाया आजीकडे बघत होती. महापौर आले होते त्या रविवारी ते चर्चमधून बाहेर पडले तेव्हा पायऱ्यांवर तिने त्यांच्याबरोबर फोटो काढला होता. फोटोत मागे, उघड्या दारातून, रेव्हरंड नुकतेच प्रवचनाला उभे राहिलेले दिसत होते. ती दोन मैत्रिणींना घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, मी मत बदललं नाहीये. फक्त तुला एकटीला उभी बघवत नाही."

"कारण काही का असेना, डोकं तेवढंच मोजतात," ओडेसा म्हणाली. "तुझा महापौर चांगला मुलगा आहे. जरा घाईत आहे."

अकरा. नव्वदीचे ब्रदर ऑटिस खासदाराला सोडून आले, कारण खुंट्यांखालच्या बाकाशेजारी हॉलमधला एकच चालू असलेला हीटर होता. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. बारा.

दहा मिनिटं उरली. पियानोपाशी रॉस्को बायकोच्या मागे उभा होता, मघापासून एकाच दिशेने बघत. वर्लीनने मागे न वळता विचारलं, "केक हवाय?"

"मी काही म्हटलं का?" रॉस्को म्हणाला.

"जा. आणि तिच्या उजव्या बाजूला उभा राहा. डाव्या कानाने तिला कमी ऐकू येतं."

तेरा.

आता सगळा हॉल लेम्युएलकडे बघू लागला, आणि लेम्युएल फरशीकडे. तो आईवर रुसला होता किंवा खासदाराशी त्याची फार निष्ठा होती, असं नव्हे. हॉलमध्ये फक्त त्यालाच माहीत असलेली एक गोष्ट मघापासून त्याला टोचत होती.

गव्हर्नर आले होते त्या रविवारी ते बसले नव्हते. तेही उठले होते. गॅडिसांनी पुस्तक उघडलं तेव्हा ते सगळ्यांसारखेच हळूच बाहेर आले, आणि आवारातून निघायच्या वाटेवर चर्चची व्हॅन आडवी. लेम्युएल दारात होता. किल्ली जरा द्याल का, त्यांनी विचारलं. लेम्युएलने खिसे चाचपले, हुक बघितला, स्वयंपाकघर धुंडाळलं. किल्ली नाही. बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी. गव्हर्नर पाच मिनिटं थांबले, मग राहू द्या म्हणाले आणि आत गेले. आत ऊब होती, एवढंच. आई ज्याच्यासाठी उभी होती तो माणूस लेम्युएलच्या गलथानपणामुळे बसला होता.

आणि तेही एवढंच नाही. किल्ली त्याच्याकडून चार रविवारी हरवली होती. चारही वेळा उमेदवार दारात उभा, आणि चारही वेळा प्रार्थना संपली की किल्ली हुकाला. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. दुसरी पाळी गेली, आता डोकंही चाललं, ही व्हॅनसुद्धा काढून घेतील, या भीतीने तो कितीतरी रात्री जागा होता.

तो खुंट्यांपाशी आला. आईच्या उजव्या कानाशी वाकला.

"आई, मी आलो तर चौदा होतील. पण आधी ऐक. तो बसला नव्हता. तो अडकला होता." आणि त्याने सगळं सांगितलं. व्हॅन, थंडी, किल्ली. चार वेळा हरवली हेही सांगितलं, आणि ते सांगताना त्याचा आवाज लहान झाला.

ओडेसाने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "पाहुणा उमेदवार असेल त्या रविवारी व्हॅन कुठे लावायची म्हणून सांगितलं होतं बाबांनी?"

"गॅसच्या मीटरला लागून, तिरकी. बर्फ काढणाऱ्या गाडीला वाट राहावी म्हणून."

"ऑगस्टमध्येसुद्धा?"

लेम्युएलने मनाशी महिने मोजले. सिनेटरबाई ऑगस्टमध्ये आल्या होत्या.

"किल्ली माझ्या पर्समध्ये होती," ओडेसा म्हणाली. "चारही वेळा. आधी बाबा काढून द्यायचे माझ्याकडे, आता मीच हुकावरून काढली. तुला सांगायला हवं होतं रे. तू असा झुरशील हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"पण का?"

"उठून जायला सगळेच निघतात. माणूस अडला की काय करतो, ते बघायचं असायचं तुझ्या बाबांना. ते दारातून बघायचे, मी बाकावरून. घरी येऊन भांडायचो आणि मग कोपरा ठरायचा. लोकांना नुसती त्यांची पाठ दिसायची." तिने पियानोकडे एक नजर टाकली. "सिनेटरबाईंनी दुसरी गाडी मागवली. तुझा खासदार स्वयंपाकघरातून गेला, जाताना दोन तंगड्या घेऊन. महापौर गाडीत बसून चाळीस मिनिटं फोनवर बोलला. हा एकटा परत आला. जिना उतरून खाली आला आणि कोट काढून या खुंटीला टांगला. जायचंय अशा माणसाने कोट मांडीवर ठेवला असता. मग वर जाऊन मागच्या बाकावर बसला. गॅडिसांचा घसा बसलेला, सूर लागत नव्हता, आणि सगळे त्यांना साथ देत होते, तर याने पण दिली. ठोक्याच्या मागून आणि बेसूर. पण दिली."

लेम्युएलने खुंटीकडे बघितलं. मग टोपी काढली, खासदाराचा बिल्ला जपून खिशात ठेवला आणि टोपी त्या खुंटीला अडकवली.

"आई, किल्ली हरवत नव्हती म्हणजे," तो म्हणाला, "माझं डोकं ठीक आहे."

"ते मी म्हटलं नाही," ओडेसा म्हणाली आणि त्याचा हात धरला.

गुरुजींचं घड्याळ वाजलं. त्यांनी बोटाने डोकी मोजली, दोनदा, आणि चौदा म्हणाले. मग नियमाप्रमाणे कोपऱ्याचा प्रतिनिधी कोण, म्हणून विचारलं. बारा बोटं ओडेसाकडे वळली. रॉस्कोचं केक कापायच्या सुरीकडे.

गव्हर्नरांनी बुधवारी माघार घेतली. टीव्हीवर दीड मिनिट दाखवलं. वर्लीनने फोन करून तेवढंच सांगितलं, आणि सांगताना फार आनंद लपवला नाही. पण त्याच दुपारी ती आईला घेऊन औषधांच्या दुकानात गेली, तिथून डॉक्टरांकडे, तिथून आपल्या हॉस्पिटलातल्या अर्जांच्या खिडकीवर, आणि संध्याकाळी डबी पुन्हा लावली, अख्ख्या गोळ्यांची. मार्चमध्ये ओडेसा रीतसर जिल्ह्याच्या मेळाव्याला गेली, उभा नसलेल्या माणसाची प्रतिनिधी म्हणून, नखं रंगवून, केक घेऊन. व्हॅन लेम्युएलने चालवली. तिथे त्याने ती कुठे आणि कशी लावली, याबद्दल जिल्ह्यात अजून दोन मतं आहेत.

आता ओडेसाही नाही, आणि कोपऱ्यांची ती पद्धतही राहिली नाही. मतं टपालाने जातात, कुणाला कुणाची पाठ दिसत नाही. तेव्हा एवढं करा. कधी एखाद्या रविवारी तुम्ही कोट मांडीवर धरून बसलेले असाल, पुढे नुसतं बोलणं चाललंय असं वाटेल, बोटं घड्याळाकडे जातील, आणि शब्दांखाली ऑर्गन अजून यायचा असेल. तेव्हा ओडेसा पर्विसची आठवण काढा, खाली जा, आणि कोट खुंटीला टांगून या.